सात नंबरची काच

“इस्पिक होतं तुमच्या हातात, दाजी. राणी होती. आणि तुम्ही बदामाने कापलंत.”

“मग विचारायचं होतंस.”

“मी विचारायचं? तुम्हाला?”

“डमी तू होतास. विचारायचं काम तुझं. नियम आहे तो.”

“नियम मला शिकवू नका. बावीस वर्षं तुमच्यासमोर बसतोय मी.”

“मग बावीस वर्षांत एवढं तरी डोक्यात शिरायला हवं होतं.”

ड्रायव्हरने पत्त्यांचा गठ्ठा टेबलावर असा आपटला की चार पानं थेट जमिनीवर. टेलरने चष्मा सावरत वाकून ती उचलली आणि फुंकर मारून टेबलावर ठेवली. त्याचा भिडू कंपाउंडर एव्हाना चपला शोधत होता.

“आमचे दोन हात दंडाचे, ते तेवढे मांडा,” कंपाउंडर म्हणाला. “मग साले-दाजी काय ते एकमेकांचे केस उपटा.”

“दाजींना कुठे केस आहेत?” टेलर म्हणाला.

एरवी यावर दाजीच सगळ्यांत आधी हसले असते. आज ते हसले नाहीत. टेलर-कंपाउंडरने एकमेकांकडे पाहिलं, पुढच्या रविवारी भेटू म्हणाले आणि गुपचूप निघाले. त्यांच्या स्कूटरचा आवाज पुलावरून पार पलीकडे गेला.

खोली म्हणजे पुलाच्या तोंडाशी असलेली चौकी. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीला फोन, खिळ्याला लटकवलेली टॉर्च आणि खिडकीतून दिसणारा दगडी कमानींचा पूल. दाजी या पुलाचे तपासनीस. दर रविवारी सकाळी पुलाखाली उतरून भेगा बघायच्या, रजिस्टरात लिहायचं, आणि मग दुपारी इथेच ब्रिजचा डाव मांडायचा. पुलावर बसून ब्रिज, हा विनोद टेलरने इतक्या वेळा केला होता की आता त्याला स्वतःलाच कंटाळा आला होता.

आजचं भांडण कशावरून, ते सांगायला थोडा खेळ सांगायला हवा. ब्रिज चौघांचा. समोरासमोरचे दोघं भिडू. ज्याची बोली टिकते तो खेळतो, आणि त्याचा भिडू आपले तेरा पत्ते टेबलावर उघडे मांडून गप्प बसतो. तो डमी. डमीने हूं की चूं करायचं नाही, भुवई उचलायची नाही, भिडू खड्ड्यात जात असला तरी बघत बसायचं. मुभा एकच. खेळणाऱ्याने चालू रंगाचं पान दिलं नाही, तर डमी एवढंच विचारू शकतो, ‘नाही का, भिडू?’ बस. चुकून पान राहिलं असेल तर तेवढ्यात दुरुस्त करता येतं. नंतर नाही.

आज बदाम हुकूम होता आणि दाजी खेळत होते. टेलरने इस्पिक टाकलं. दाजींनी बदामाच्या तिर्रीने कापलं. ड्रायव्हरच्या डोक्यातला हिशोब सांगत होता की एक इस्पिक कुठेतरी कमी पडतंय. पण समोर दाजी होते. ज्या माणसाने बावीस वर्षांत एकदाही असं चुकवलं नाही, त्याला चारचौघांत ‘नाही का?’ विचारायचं म्हणजे त्याची पँट धरून ओढायची. ड्रायव्हर गप्प बसला.

मग चार हातांनंतर दाजींनी ठसक्यात पान टाकलं आणि म्हणाले, “किलवरची राणी.”

टेबलावर इस्पिकची राणी पडली होती.

तिघं त्या राणीकडे बघत राहिले. दाजी पुढच्या पानाची वाट बघत राहिले. तेच ड्रायव्हरला खुपत होतं. चूक कोणाचीही होते. पण चूक समोर पडलेली असताना ती दिसू नये?

“उजेड कमी आहे इथे,” दाजी म्हणाले.

दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. खिडकीतून टेबलभर ऊन पसरलं होतं.

ड्रायव्हरची नजर एकदा कशावर बसली की सुटत नसे. बस चालवताना त्याला चौकातल्या पोलिसाच्या खिशातलं पेन दिसायचं. आगारात दर वर्षी डोळे तपासायचे, तेव्हा तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ वाचून तो छापखान्याचं नावही वाचायचा. आणि आता त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. गेले कितीतरी रविवार दाजी पत्ते धरताना कोंबडीसारखी मान वाकडी करतात. फोनचा नंबर बोटांनी चाचपून दाबतात. मागच्या आठवड्यात घरी दार उघडल्यावर ‘कोण ते?’ म्हणाले, आणि हा तीन फुटांवर उभा.

त्याने रजिस्टर ओढलं.

“ते कशाला?” दाजी म्हणाले.

“बघतो.”

“सरकारी आहे ते.”

“मीपण सरकारीच आहे. माझी बस रोज चार वेळा या पुलावरून जाते.”

रजिस्टरात नऊ भेगांचे नऊ रकाने होते. पुलाच्या प्रत्येक भेगेवर काचेची एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, भेगेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे ठिपके देऊन. भेग जागेवर असेल तर काच जशीच्या तशी. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. यंत्र नको, वीज नको. फक्त कोणीतरी जाऊन बघायला हवं. आणि दाजींनी प्रत्येक रविवारी, प्रत्येक रकान्यात, लिहिलं होतं, ‘शाबूत’. आधी अक्षर मुंगीएवढं. दोन-तीन पानांपासून ते फुगत गेलेलं. शेवटच्या पानावर तर शब्द ओळी सोडून तिरके चालले होते.

“सात नंबरची काच कशी बघता तुम्ही?” ड्रायव्हरने विचारलं.

“डोळ्यांनी.”

“मला दाखवा.”

“तुला ड्यूटीवर जायचंय.”

“चार दहाची गाडी आहे. चला.”

“तू माझी तपासणी करणार? बस हाकणारा?”

“हो. बस हाकणारा. बसमध्ये पन्नास माणसं असतात, दाजी, मी एकटा नसतो.”

दाजींचे कान लाल झाले. ते भांडायचे कमी, पण कान बोलायचे. टॉर्चकडे हात गेला, खिळ्याच्या वीतभर बाजूला लागला, मग सरकत जाऊन टॉर्च सापडली. ड्रायव्हरने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

या दोघांचं बोलणं मुळात कमीच. ताईचं लग्न झालं तेव्हा हा सतरा वर्षांचा, शाळा सोडलेला, तोंडाचा फटकळ. ताईने आपल्याला न विचारता लग्न ठरवलं हा त्याचा राग. जणू याची सही लागणार होती. वर्षभर तो दाजींशी अक्षर बोलला नाही. दाजीही काही कमी नव्हते. शेवटी ताईने एका रविवारी दोघांना टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं, शेजारच्या दोघांना बोलावलं आणि पत्ते वाटले. “बोलायचं नसेल तर नका बोलू,” ती म्हणाली, “नुसती बोली लावा.” तेव्हापासून यांचं सगळं नातं एक बदाम, दोन किलवर, पास, यातच चाललं होतं. आजारपण, बदली, पोराचा जन्म, सगळं त्या टेबलावरूनच एकमेकांना कळलं. दाजींनी दोनाची बोली तीनवर नेली की ड्रायव्हरला समजायचं, आज स्वारी खुशीत आहे.

पुलाखाली जायला लोखंडी जिना होता आणि पुढे कमानींच्या पोटाखालून लाकडी फळ्यांची वाट. एका बाजूला कठडा. खाली पाणी. दाजी पुढे चालले, भराभर, पाय कुठे टाकायचा ते पायांना पाठ असल्यासारखे. ड्रायव्हर मागे. फळ्या करकरत होत्या आणि वरून एखादी गाडी गेली की दगडातून गुरगुर यायची.

एक नंबरला दाजी थांबले. टॉर्च लावली, पण काचेवर अंगठा फिरवला. नख आडवं, मग उभं.

“शाबूत.”

ड्रायव्हरने वाकून पाहिलं. खरंच शाबूत.

दोन नंबर. अंगठा. “शाबूत.” बरोबर. तीन. “हिच्या कोपऱ्याचा टवका जुना आहे, चिकटवतानाचा.” तोही होता तिथे, तिळाएवढा. ड्रायव्हरला नाही म्हटलं तरी कौतुक वाटलं. चार, पाच, सहा. प्रत्येक वेळी अंगठा बोलायचा आणि बरोबर बोलायचा. त्याचा राग जरा खाली बसायला लागला. कदाचित नसेलच काही. कदाचित इस्पिकची राणी नुसती इस्पिकची राणीच असेल.

मग सात नंबर आली.

ती तिसऱ्या कमानीच्या माथ्याशी होती, कठड्याच्या बाहेर, हाताच्याही बाहेर. कोणाचाच अंगठा तिथे पोचला नसता. दाजींनी टॉर्च वर केली, मान वाकडी केली, दोन श्वास थांबले आणि म्हणाले, “शाबूत.”

टॉर्चचा गोल काचेपासून हातभर लांब, नुसत्या दगडावर पडला होता.

ड्रायव्हरने काचेकडे पाहिलं. त्याला टॉर्चची गरज नव्हती. काचेचे दोन तुकडे झाले होते. सरळ, मधोमध, आणि एक तुकडा दुसऱ्यापेक्षा आगपेटीच्या काडीएवढा खाली उतरला होता. तडकलेल्या कडांवर धूळ बसली होती. आजची फूट नव्हती ती.

तेवढ्यात वरून ट्रक गेला. फळ्या थरथरल्या. ड्रायव्हर बघत असताना काचेचे ते दोन तुकडे एकमेकांवरून सरकले, आगपेटीचा ड्रॉवर उघडावा तसे, आणि परत जागेवर आले. चिमूटभर पांढरी भुकटी पाण्यात पडली.

त्याच्या तोंडात शिव्या तयार होत्या. रांगेत उभ्या होत्या. किती वेळा गेलो मी वरून? मागच्या सोमवारी ती शाळेची सहल होती, उभं राहायलाही जागा नव्हती, साठ पोरं गाणी म्हणत होती. त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला. दाजी टॉर्च धरून उभे होते, तोंड त्याच्याकडे वळवलेलं, पण नजर त्याच्या कानापाशी. उत्तराची वाट बघत होते. मघाशी पुढच्या पानाची बघत होते, तशीच.

आता ओरडलं तर हा माणूस ओरडणार. मग मान, मग अपमान, मग ‘तू कोण मला सांगणारा’, आणि चार वाजणार.

ड्रायव्हरने आवाज खाली आणला.

“नाही का, भिडू?”

टॉर्चचा गोल हलला. दगडावरून घसरला, पाण्यावर गेला, परत दगडावर आला.

“नाही,” दाजी म्हणाले.

“काही नाही दिसत?”

“कडेकडेचं दिसतं. मधलं जातं.” त्यांनी स्वतःच्या डोळ्यांसमोर मूठ धरून दाखवली. “इथे कोणी मूठ धरून ठेवल्यासारखं. तू समोर बसतोस ना, तुझे कान दिसतात मला. तोंड नाही दिसत.”

“कधीपासून?”

“आठ रविवार. आधीचंही असेल थोडं.” मग घाईने, “तुझ्या ताईला सांगू नकोस.”

“ताईला माहीत आहे. तुमच्या कपात चहा अर्धाच ओतते ती हल्ली. तुम्ही सांडाल म्हणून.”

टॉर्च बंद करायला दाजींना तीनदा बटण शोधावं लागलं.

“कशी आहे ती?” त्यांनी विचारलं. काचेबद्दल.

ड्रायव्हरने सांगितलं. दोन तुकडे, काडीएवढा उतार, ट्रकखाली सरकले, कडांवर धूळ. सांगता सांगताच तो दाजींचा दंड धरून त्यांना परत वळवत होता. आणि दाजी, ज्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता, ते चालू लागले.

जिन्याशी पोचल्यावर दाजी थांबले. “एक ऐक. आज तू सोबत होतास. आज फुटलेली दिसली, एवढंच लिहू. आज बंद करतोय ना पूल? मग मागचं कशाला उकरायचं?”

ड्रायव्हरला वाटलं, जाऊ दे. पूल बंद होतोय, बाकी काय करायचंय. त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

वर आल्यावर पहिलं काम साखळीचं. पुलाच्या दोन्ही तोंडांना साखळ्या होत्या, मधे लाल गोल पत्रा. कुलपं दोन, किल्ल्या दाजींच्या कमरेच्या कडीत. ड्रायव्हरने अलीकडची साखळी ओढून कुलूप मारलं. एक मोटार थांबली, हॉर्न वाजवला. “वाजवा वाजवा,” ड्रायव्हर तिला म्हणाला, “पूल घाबरून दुरुस्त होतोय का बघू.”

पलीकडची साखळी बाजूच्या खांबाला कुलपात होती, रस्ता उघडाच होता. तीन चाळीस झाले होते. पलीकडून येणारी बस बरोबर तीन पंचावन्नला पुलावर चढते. ती चालवणारा याच्याच आगारातला. त्याला फोन लावून उपयोग नव्हता. चालत्या गाडीत फोन पेटीत, हा आगाराचा नियम, आणि तो माणूस नियमाचा पक्का. चालत पूल ओलांडायला पाच मिनिटं. धावत तीन.

“किल्ली द्या.”

“नुसती साखळी लावून भागत नाही,” दाजी म्हणाले. “दोन्ही बाजू बंद करायला साहेबांचा हुकूम लागतो. नाहीतर त्यांचाच माणूस येऊन साखळी काढेल आणि गाड्या सोडेल.”

त्यांनी भिंतीवरचा फोन घेतला. बोटांनी नंबर चाचपला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने कमरेची कडी सोडवायची खटपट. ड्रायव्हर पुढे वाकून कडीतून किल्ली फिरवून काढायला लागला. कडी जुनी, गंजलेली, नखात शिरत होती.

साहेबांचा आवाज मोठा. फोनबाहेर अर्ध्या खोलीत ऐकू येत होता.

“सात नंबर? मागच्या रविवारी शाबूत होती ना?”

दाजी थांबले.

“रजिस्टरात काय लिहिलंय?” साहेब म्हणाले.

“शाबूत.”

“मग ठीक. म्हणजे परवा तो अवजड ट्रेलर गेला, त्याचा धक्का. एकदाचं झालंय ते, सारखी सरकत नाहीये. तू असं कर, ट्रक-ट्रेलर थांबव. बस आणि मोटारी सोड, हळू. उद्या सकाळी मी येऊन बघतो. साखळी काढ.”

ड्रायव्हरचे हात थांबले. त्याने मान वर केली. तोंड उघडलं. दाजींनी किल्लीकडचा हात सोडून तळवा त्याच्यासमोर धरला. गप्प. टेबलावर धरायचे तसाच, डाव सुरू असताना.

भिंतीवरचं घड्याळ तीन त्रेचाळीस दाखवत होतं. दारापासून टेबलापर्यंत चार पावलं, पलीकडच्या तोंडापर्यंत चारशे. किल्ली निम्मी सुटली होती. ड्रायव्हर बोलू शकला असता. फोन हिसकावू शकला असता. पण तो बोलला तर साहेबांसाठी एक बस ड्रायव्हर बोलणार होता, आणि रजिस्टर दाजींचं होतं. त्याने दात आवळले आणि कडीत नख घातलं.

“ऐकतोयस ना?” साहेब म्हणाले.

“साहेब, थांबा,” दाजी म्हणाले. खाकरले. “लिहिलंय शाबूत. पण मी पाहिलेली नाही.”

“म्हणजे?”

“आठ रविवार झाले. मला दिसत नाही. बाकीच्या मी हाताने बघतो, त्या आहेत नीट. सातला हात पोचत नाही. मी नुसतंच लिहीत गेलो. काचेच्या कडांवर धूळ आहे. जुनं आहे ते. आणि ट्रक गेला की सरकतंय. माझ्या मेहुण्याने आत्ता डोळ्यांनी पाहिलंय.”

दाजींची नजर ड्रायव्हरच्या कानाशी येऊन थांबली होती. कपाळावर घाम. कान मात्र लाल नव्हते.

“दोन्ही बाजू बंद कर,” साहेब म्हणाले. आवाज आता लहान झाला होता. “पायी पण कोणाला सोडू नको. मी निघतो. आणि तू... तू फोन ठेवू नको. मला सगळं सांग, पहिल्या रविवारपासून.”

कडीतून किल्ली सुटली. ड्रायव्हरच्या नखातून रक्त आलं होतं.

“पायी नको म्हणतायत साहेब,” दाजी फोनवर हात ठेवून म्हणाले.

“ऐकलं मी.”

“कडेने जा. उजव्या कठड्याला धरून. तिसऱ्या कमानीवर थांबू नकोस. आणि हे बघ, मघाशी टेबलावर मी तुला जे बोललो...”

“नंतर, दाजी. मला आता निघायला हवं.”